ढगाचं बुड

ॲल्युमिनियमच्या दोन सळ्या, प्रत्येकी साधारण 53 सेंटिमीटर, इंग्रजी व्हीसारख्या पसरून मी परतूरच्या घराच्या गच्चीवर बांधल्या. संध्याकाळनंतर हवामान उपग्रह नोआ-19 दक्षिणेकडून वर यायचा, की 137 मेगाहर्ट्झवरची खरखर विरून लयीत टिकटिक सुरू व्हायची. 850 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला दोन ओळी. आधी श्रीलंका, मग दख्खन, असं चित्र उलटं विणलं जायचं. ठिपका चार किलोमीटरचा. अख्ख्या जालना जिल्ह्याला जेमतेम पाचशे.

चित्र उतरवणं महिन्याभरात जमलं. वाचायला मात्र दोन पावसाळे लागले.

जूनमधल्या एका रात्री मराठवाडा पांढराशुभ्र दिसला आणि मी घरात पाऊस जाहीर करून टाकला. थेंब पडला नाही. अवरक्त चित्र पाणी दाखवत नाही, उष्णता दाखवतं. जितकं थंड तितकं पांढरं. दहा-बारा किलोमीटर उंचावरचा विरळ, हिमकणांचा ढग त्यात झगझगतो आणि कोरडाच निघून जातो. श्रावणात कपाशीवर भुरभुर धरणारा ढग बुटका, जमिनीइतकाच कोमट. तो राखाडीत राखाडी मिसळून बसतो. आमच्या पिकांना जगवणारा पाऊस या चित्रात सर्वांत अबोल असतो, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिलो.

दिवसाच्या चित्राचं गणित निराळं. तिथे परतलेला सूर्यप्रकाश दिसतो. जाड ढग बहुतेक उजेड वरच्या वर परतवतो, म्हणून उपग्रहाला पांढरा दिसतो. आणि तोच उजेड खाली पोचत नाही, म्हणून त्याचं बुड काळं. आमचे अण्णा आयुष्यभर ज्याला काळं आभाळ म्हणत आले, तेच माझ्या चित्रातलं सगळ्यात शुभ्र. जुलैत ही शुभ्रता सह्याद्रीला चिकटून असते आणि घाट उतरताच फाटते. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द शाळेत पाठ केला होता. त्या फाटलेल्या कडेकडे पाहताना शेजारच्या मंठ्यातली दुबार पेरणी आठवली.

ऑगस्ट 2025 मध्ये नोआ-19 आणि नोआ-15 दोन्ही बंद झाले. ती टिकटिक गेली. आता रशियाचे मेटिओर अंकीय संदेश पाठवतात, इन्सॅट-3डीएसची चित्रं तर मोबाइलवर येतात. चित्र कुठलंही असो, अर्थ लावण्याआधी मी जिना उतरून अंगणात जातो.

“अण्णा, बुड कसं दिसतंय?”