केडगाव आठवा, मग बोला

उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारात चहाबरोबर एकच विषय निघतो: तरुण पोरं त्या हॉलमधल्या नव्या मंडळीत का जातात? तिथे ड्रमसेट, हात वर करून प्रार्थना, आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी 'अन्य भाषा' बोलणं. "अमेरिकेचं खूळ," असं आमचे वडीलधारे म्हणतात. मला काही ते पटत नाही.

हे खूळ जिथून आलं म्हणतात, ती लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृती १९०६ची. दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली पापांसाठी रडत एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, त्या १९०५मध्येच. तिथल्या मिशनरी मिनी अब्रॅम्स यांची या जागृतीवरची पुस्तिका पार चिलीला पोचली आणि तिथल्या मेथडिस्टांत फूट पडली. खूळच म्हणायचं तर ते आपणही निर्यात केलंय!

पण हॉलवाल्यांचंही सगळंच खरं नाही. अन्य भाषा आली नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळालाच नाही, असं माझ्या भाच्याच्या मनावर बिंबवलंय. रमाबाईंनी अन्य भाषा नाकारली नाही, पण ती प्रत्येकाला आलीच पाहिजे असा हट्टही धरला नाही. त्रैक्यावरून आपल्या इंग्लंडमधल्या मार्गदर्शक नन सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालणारी बाई ती, कुणाच्या साच्यात कशी बसणार?

बाळपणीचा बाप्तिस्मा चालत नाही म्हणून हॉलवाल्यांनी भाच्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावला. त्या दिवशी त्याची आई जेवली नाही. नागपुरात १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बाळांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे एकाच चर्चमध्ये मान्य झाले. फक्त प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या बाप्टिस्टांना जे जमलं, ते या हॉलवाल्यांना का जमू नये?