चार अंगुळे सावली

पृथ्वीचा घेर मोजण्यासाठी तिला प्रदक्षिणा घालावी लागत नाही, हे भूमितीने फार पूर्वी दाखवून दिले. मात्र त्यासाठी दोन गावांमधले अंतर कोणाला तरी जमिनीवर मोजावे लागते, ही गोष्ट सहसा मागे पडते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एरॅटोस्थेनिसने असा हिशेब मांडला की, ज्या मध्यान्ही सायीनी म्हणजे आजच्या आस्वानला सूर्य माथ्यावर येतो, त्याच मध्यान्ही अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाने कललेला असतो; तेव्हा दोहोंमधले अंतर ५,००० स्टेडिया धरले, तर पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया येतो.

भारतीय ज्योतिषात हीच भूमिती पलभेच्या रूपाने आढळते. बारा अंगुळे उंचीची उभी काठी म्हणजे शंकू, आणि दिवस-रात्र समान असताना मध्यान्ही पडणारी तिची सावली म्हणजे पलभा. लातूर सुमारे १८.४ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथील पलभा जवळजवळ नेमकी चार अंगुळे, म्हणजे काठीचा तिसरा हिस्सा भरते, आणि तेवढ्यावरून गावाचा अक्षांश काढता येतो. सह्याद्रीच्या आश्रयाला राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पुढची पायरी सांगितली : दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांच्या अक्षांशांतील फरकाला जर इतकी योजने, तर ३६० अंशांना किती? तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याच्या या त्रैराशिकाबरोबर त्यांनी पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला.

मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस लातूरला मध्यान्हीचा सूर्य माथ्यावर येतो. त्या दिवशी नागपूरच्या मध्यान्ही एक मीटर काठीची सावली उत्तरेला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर पडते, म्हणजे कोन सुमारे पावणेतीन अंशांचा होतो. दोन शहरांमधले निव्वळ दक्षिणोत्तर अंतर ३०५ किलोमीटरांच्या आसपास असल्याने घेर ४०,००० किलोमीटरांच्या जवळ येतो. पण सावली मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर उत्तर दहाव्या हिश्श्याने ढळते. त्यातच वळणे घेत जाणारा रस्ता म्हणजे दक्षिणोत्तर अंतर नव्हे. शिवाय स्टेडियन आणि योजन यांची लांबी नेमकी किती होती, यावर अभ्यासकांत मतभेद असल्याने जुनी उत्तरे कितपत अचूक होती, हा वादही मिटत नाही.

हे अंतर काटेकोर मोजण्यासाठी किती खपावे लागते, ते एकोणिसाव्या शतकात दिसले. विल्यम लॅम्बटनने १८०२मध्ये मद्रासजवळ पोलादी साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत सर्वेक्षण सुरू केले. पुढे त्याचा दक्षिणोत्तर पट्टा बीदरच्या परिसरातून विदर्भाकडे सरकला, आणि १८२३मध्ये हिंगणघाटला लॅम्बटनचा मृत्यू झाल्यावर जॉर्ज एव्हरेस्टने तो उत्तरेकडे नेला. लातूरच्या अंगणात चार अंगुळांची सावली कोणालाही एका दुपारी मोजता येते. तिच्यावरून पृथ्वीचा घेर सांगायचा, तर त्या अंगणापासून पुढच्या गावापर्यंत मोजत गेलेल्यांचे ऋण मानावे लागते.