उपयोग संपला म्हणून ऋण फिटते काय?

वनस्पतीचे मोल केवळ तिच्या उपयोगावरून ठरवावे काय? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो. परंतु तळोज्याच्या कासाडी नदीकाठी तो अगदी व्यवहाराचा होऊन उभा राहतो.

खाडीकाठच्या लोकांनी खाऱ्या चिखलातील झाडाझुडपांत औषधे शोधली. डॉ. विल्यम डायमॉक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' (१८९०-९३) या ग्रंथात नोंद आहे की, गोव्यात मारांडीच्या बुळबुळीत पानांनी संधिवातावर शेक देत. गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतते. तरीही तोच चीक जुनाट व्रणांवर वापरीत. औषध कोठे संपते आणि विष कोठे सुरू होते, हे जाणणारा अनुभव हीच या विद्येची खरी पुंजी होय.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री दिसली. कारखान्यातील रंगद्रव्य त्यांच्या अंगाला लागले होते. रंग दिसला म्हणून जग हळहळले. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू मात्र दिसत नाहीत. तिवरांच्या मुळांभोवतीचा चिखल असे धातू धरून ठेवतो, आणि त्यांचा काही अंश झाडातही शिरतो. कारखान्यांचे सांडपाणी पिणाऱ्या काठावरचे पान, आजीने सांगितले म्हणून, दुखऱ्या गुडघ्यावर निःशंकपणे कोण बांधील?

येथेच केवळ उपयोग पाहणाऱ्या विचाराचे वैगुण्य उघड होते. पान औषधी आहे एवढ्याचसाठी झाड राखावे, असे म्हटले तर चिखल विषारी होताच झाड राखण्याचे कारणही संपते. म्हणजे अपराध्याला त्याचा अपराधच मोकळीक देतो! हा न्याय नव्हे. आई थकली, तिच्याने घरकाम होईना, म्हणून तिचे देणे फिटले असे कोणता मुलगा म्हणेल?

कारखान्यांवर अनेक घरांच्या चुली पेटतात, हे खरेच. परंतु रोजगारासाठी सांडपाणी शुद्ध न करताच सोडावे लागते, असे मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवने तोडण्यास मनाई केली; २०२० मध्ये पांढरी चिपी महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. कायद्याने कुऱ्हाड अडते. पण कुऱ्हाड न लावताही झाडाचा गुण मारता येतो. म्हणून वाचकहो, झाड उभे आहे एवढ्यावर समाधान न मानता, त्याच्या मुळाशी कोणते पाणी येते हे विचारणे, हेही आपल्या ऋणफेडीचाच भाग आहे.