प्रेताचे पंच

मरण सगळ्यांना सारखं, असं कीर्तनकार सांगतो आणि माना डोलतात. दोस्तांनो, माझा यावर विश्वास नाही. श्वास सगळ्यांचा सारखाच थांबतो, एवढंच खरं. त्यानंतर जे सुरू होतं ते मुळीच सारखं नसतं. कुणाच्या मरणावर शंभर प्रश्न उठतात, कुणाचं मरण एका ओळीत मिटवलं जातं. माणूस कसा मेला हे ठरवायचा हक्क कुणाचा? डॉक्टरचा, पोलिसाचा, कोर्टाचा, असं तुम्ही म्हणाल. पण या सगळ्यांच्या आधी प्रेताजवळ उभा असतो तो पंच. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

मी वकील नाही. शाळा सातवीतच सुटली, पुढचं सारं सूतगिरणीच्या रात्रपाळीनंतर डोळे चोळत वाचलेलं. पण कायद्याची भाषा सावकाश वाचली की तिच्यात आपल्या गावाचा नकाशा दिसायला लागतो. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७४ होतं. कुणी संशयास्पद मेलं, तर पोलिसानं शेजारपाजारच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर प्रेत पाहायचं. जखमा, मोडलेली हाडं, वळ, खुणा लिहायच्या आणि मरणाचं वरवर दिसणारं कारण नोंदायचं. इंग्रज गेले. १९७३ साली नवी संहिता आली, कलम तेच, आकडाही तोच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आकडा १९४ झाला. प्रतिष्ठित हा शब्द मात्र जागचा हलला नाही.

गावात प्रतिष्ठित कोण, हे पोलिसाला कुणी शिकवावं लागत नाही. ज्याच्या ओट्यावर खुर्ची मिळते, चहा मिळतो, तो प्रतिष्ठित.

आमचं रोहणा आर्वी तालुक्यातलं. पुलगाव-आर्वी छोटी लाईन आमच्या गावावरून जायची, ती बंद पडून जमाना झाला. माझा आजा कोतवालकी करायचा. विहिरीत प्रेत तरंगलं की गळ टाकायला आजा. शिपाई येईस्तोवर रातभर कुत्र्यांपासून राखायला आजा. बंडीत घालून तालुक्याला पोस्टमार्टमला न्यायला आजा. मयताची खबर घेऊन पाहुण्यांच्या गावी पायी जायला त्याच्याही आधीच्या पिढ्या. महारकीच्या कामांत मेल्याची राखण आणि मेल्याची खबर ही कामं शेकडो वर्षं होतीच. पण पंचनाम्यावर आज्याचा अंगठा एकदाही नाही. मी विचारलं, तर म्हणे, "आमाले कोन इचारते बाप्पा? आमी उचलाचं, त्याइनं लिवाचं."

शेजारच्या एका गावात विहिरीतून एक सालदार काढला होता. आज्यानं काखेत हात घालून वर ओढला. मानेवर काळेनिळे वळ त्यानं दोन वितींवरून पाह्यले. कागदावर आलं, पाय घसरून पडला. सही करणारे दोघं विहिरीपासून वीस हात लांब, नाकाला रुमाल लावून. आता हा प्रश्न नुसता अन्यायाचा नाही, ज्ञानाचा आहे. आपल्याकडची सगळी दर्शनं प्रत्यक्षाला पहिलं प्रमाण मानतात. मग ज्यानं उचललं त्याचं प्रत्यक्ष कुठं गेलं? ते कागदावर यायला जात आडवी आली. ज्यानं पाह्यलं त्याचा शब्द प्रमाण नाही आणि ज्याचा शब्द प्रमाण त्यानं पाह्यलंच नाही. गिरणीत धागा कुठं तुटला हे साच्यावर उभ्या असलेल्या बाईला ठाऊक असतं. ऑफिसात बसलेल्याला कपडा झाल्यावरही कळत नाही.

जिथं पंचनामाच नाही, अशी मरणं तर किती. १८५५ साली ज्ञानोदयात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती कोवळ्या वयाची मातंग पोरगी. इमारतीच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत होते, असं ती त्यात सांगते. त्या पुरलेल्यांची नावं कुठल्या दफ्तरात आहेत? वाडे उभे राहिले, त्यांची वर्णनं इतिहासात आली. पायातल्या माणसांची नोंद काय ती या पोरीनं केली. मी त्या निबंधाला साहित्य म्हणायच्या आधी पंचनामा म्हणतो.

१९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव ज्या देशाच्या काळ्या माणसांकडून घेतलं, तिथंही हेच. तिथल्या दक्षिणेत प्रत्येक कौंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, कॉरोनर असायचा. मुंबई-कलकत्त्यातही इंग्रजांनी तोच हुद्दा बसवला होता. हा कॉरोनर गावातली माणसं जमवायचा, ती प्रेत पाहायची, निकाल द्यायची. काळ्या माणसाला भर चौकात जमावानं झाडाला टांगलं तरी निकाल ठरलेला असायचा: अज्ञात इसमांच्या हातून मरण. जमावात शेरीफचे शेजारी, पंचांचे मेव्हणे, आणि अज्ञात! आयडा वेल्स नावाची काळी बाई १८९२ पासून हे एकेक मरण नावानिशी छापत गेली. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट मला जास्त छळते. ८ जुलै १८७६ ला साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावात गोऱ्या टोळ्यांनी काळ्या शिबंदीवर हल्ला केला. पकडलेल्यांना एकेक करून गोळ्या घातल्या. गुलामी संपून अकरा वर्षं झाली होती आणि तिथला न्यायाधिकारी होता प्रिन्स रिव्हर्स, एकेकाळचा गुलाम. मरणाची चौकशी त्यानं केली. त्या पंचांनी अज्ञात इसम लिहिलं नाही. डझनावारी गोऱ्यांची नावं लिहिली. शिक्षा एकालाही झाली नाही. त्या टोळ्यांतला बेंजामिन टिलमन पुढं १८९० साली गव्हर्नर म्हणून निवडून आला.

मग काय उपयोग झाला, असं आपल्या अभ्यासवर्गात एकानं विचारलं. प्रश्न खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या सत्यानं शिक्षा होत नाही ते सत्य कशासाठी? मला वाटतं, मेलेल्या माणसाचं आपल्याकडं एकच मागणं उरलेलं असतं: माझं जसं झालं तसं सांगा. शिक्षा ही जित्यांची गरज, मोठी गरज, ती सोडायची नाही. पण ती मिळाली नाही म्हणून पहिलं मागणं फिटत नाही. दीडशे वर्षांनी त्या मारेकऱ्यांची नावं मी रोहण्यात बसून सांगू शकतो, कारण तेव्हा कुणीतरी लिहिली.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन, सुधीर. हे नेहमी जमिनीच्या भांडणापासून सांगतात. मी दुसरीकडून सांगतो. सुरेखाबाई साक्षीदार होती. सिद्धार्थ गजभियेला मारहाण करणाऱ्यांना तिनं ओळखलं होतं. ते जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी तिचं घर संपलं. आपल्या बाईनं प्रत्यक्षाला शब्द दिला याची ती किंमत. आणि त्यानंतर काय? पहिलं शवविच्छेदन इतकं वरवरचं की पुरलेली प्रेतं पुन्हा उकरून तपासावी लागली. तोवर मातीनं आणि पाण्यानं आपलं काम केलं होतं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली आणि हे सूडातून झालेलं हत्याकांड ठरवलं. म्हणजे चार माणसं मेली हे मान्य, पण महार म्हणून मेली हे कागदात नाही.

इथं मला तुमच्याशी, म्हणजे आपल्याच माणसांशी, थोडं भांडायचंय. ज्या बाया-पोरांची पहिली तपासणी नीट झाली नाही त्यांच्यावर काय काय झालं, याच्या कहाण्या मग गावोगाव फिरल्या. सरकारनं कागद रिकामा ठेवला, त्या रिकाम्या जागेत अफवा शिरली. आपल्यातल्या काहींनी ती भाषणात वाढवली. विरोधकाला काय, एक गोष्ट खोटी निघाली की तो सगळंच खोटं म्हणायला मोकळा. पण मला त्याची भीती नाही, वेगळंच खुपतं. प्रेताजवळ जायच्या आधीच ज्याचं कारण ठरलेलं असतं, तो वीस हात लांब उभा असलेल्या त्या रुमालवाल्याचाच भाऊ. एक जखम असेल तर एकच लिहा. मेलेली बाई आपली घोषणा नव्हे.

परभणीचं बघा. १५ डिसेंबर २०२४ ला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. संविधानाच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीतला, कायदा शिकणारा वडार पोरगा. छातीत दुखून गेला, असं आधी सांगण्यात आलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात आलं, अनेक जखमांनंतरचा धक्का. आई कोर्टात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. तिथं घोषणेपेक्षा त्या पाच-सहा शब्दांच्या नोंदीनं जास्त काम केलं. शरीर उघडून पाहणाऱ्यानं पाह्यलं ते लिहिलं.

कायद्यात अजून एक बारीक खोच आहे, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. अहवालावर सही कुणाची? पोलिसाची, आणि पंचांपैकी ज्यांना तो पटला त्यांची. न पटलेल्यानं सही केली नाही तरी अहवाल पूर्ण होतो आणि त्याच्या नाही म्हणण्याला तिथं जागाच नाही. म्हणून नुसतं सही न करणं पुरत नाही. त्याच दिवशी वेगळा अर्ज लिहायचा. काय पाह्यलं, काय पाहू दिलं नाही, हे त्यात मांडून तो उपविभागीय दंडाधिकाऱ्याला द्यायचा आणि पोच घ्यायची. पंचनामाही शेवटी त्याच टेबलावर जातो.

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका निंदणाऱ्या बाईला शिपायानं पंच म्हणून बोलावलं. दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून. धुऱ्यावर एक मजूर मरून पडला होता, तोंडाला फेस. शिपाई म्हणे, साप आहे, कर सही. ती म्हणे, "पलटवा त्याले, मागून पाहू द्या." कुरकुर झाली. ती खाली बसली, उठेना. शेवटी पलटवलं. पोटरीच्या मागं दोन ठिपके होते, भोवती सूज. सापच होता. तिनं सही केली.