आडवी झालेली वाडी

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून आपल्या पुणे जिल्ह्यात आलं. इथे पिंपरी-चिंचवडमध्येही झाडं कोसळली. पण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धन, दिवेआगरला सुपारीच्या अख्ख्या वाड्या आडव्या झाल्या. तिथली रोठा सुपारी आजोबांनी लावायची आणि नातवाने काढायची. नव्या रोपाला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. शिवाय मिरीचा वेल चढतो सुपारीवरच, म्हणजे तोही गेला.

अशा घराला ‘नवीन लावा की’ असं लगेच सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. ते झाड कुणी लावलं होतं, आधी एवढं विचारावं. बोलू द्यावं.

इकडे पिंपरी-चिंचवडमध्ये, आपल्या रावेतमध्ये, सोसायट्या वाढल्या आणि पेव्हर ब्लॉक खोडांना भिडले. अशा झाडाची मुळं गुदमरतात, ते वाऱ्याला लवकर हरतं. तेव्हा पावसाळ्याआधी बुंध्याभोवती हात-दोन हात माती मोकळी करून घ्या. आणि एखादा वड किंवा पिंपळ कलंडलाच, तर करवत लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. मुळं शाबूत असली तर फांद्या छाटून तो पुन्हा उभा करता येतो.