आजीला खाटेवर कोणी झोपवलं?

उभा राहा. आधी तो फीमर खाली ठेव. टेबलावर ठोकायला डस्टर आहे का तो? कुणाच्या तरी पायात चाललेलं हाड आहे, तेवढी जाण ठेव.

जर्नलमध्ये काय लिहिलंयस? ‘हाडे ही शरीराची निर्जीव चौकट.’ चौकट दाराला असते रे! जन्मताना तुझ्या अंगात सुमारे 300 हाडं होती, आता 206. बाकीची काय चोरीला गेली? एकमेकांत जुळली. उंची वाढली ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीत. पट्टी बुजली, लांबी थांबली. काम नाही थांबलं. आत्ता तू मान खाली घालून उभा आहेस, तरी आत ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड कुरतडताहेत आणि मागून ऑस्टिओब्लास्ट नवं भरताहेत. एक जागा कुरतडायला 2-3 आठवडे, भरायला 3-4 महिने. वर्षाला सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग असा बदलतो. म्हणे निर्जीव!

हा दुसरा फीमर उभा चिरलाय. चष्मा पूस आणि हाडाच्या मानेत बघ. दिसली जाळी? तिच्या कमानी भार जातो त्याच वाटेनं वळल्यात. जसा भार तसं हाड, हे युलियुस वोल्फनं 1892 साली जर्मनीत पुस्तकच लिहून मांडलं. भार गेला की जाळी विरळ. अंतराळात महिनोन्महिने राहिलेल्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटलेलं मोजलंय.

आणि तू काय केलंस? आजीच्या हाडांची डेन्सिटी रिपोर्टमध्ये कमी आली, तर तिला खाटेवर झोपवलंस. ‘जिना नको, पडून राहा, हाडं झिजतील.’ वर कँटीनमध्ये बढाई! अरे, पाळी गेल्यावर तिचं इस्ट्रोजेन आटलं, कुरतडणारे मोकाट सुटले, भरणाऱ्यांची दमछाक झाली. त्यात उरलासुरला भारही तू काढून घेतलास. कॉलेजात पाऊल टाकून चार महिने नाहीत आणि डॉक्टरकी सुरू!

आज तिच्या डॉक्टरांना फोन कर. ते सांगतील तेवढं तिला अंगणात चालव, हात धरून. पडली तर खुबाच मोडेल. तूही चाल. हाडात भर पडते ती फार तर तिशीपर्यंत, आणि पहिल्या मजल्यावर यायला तुला लिफ्ट लागते. बघते मी रोज.

आता तो फीमर जागेवर ठेव. आणि त्याची चिठ्ठी बदल. डावा आहे तो.