न अडखळणारी चूक

घर बदलताना फुटलेल्या बरणीचे मला फारसे भय वाटत नाही. बरणी फुटली की आवाज होतो, घरातली माणसे धावत येतात, काचा वेचल्या जातात. भय वाटते ते धडधाकट पोचलेल्या ट्रंकेचे. तिच्यातली एखादी वस्तू वाटेतच गळालेली असते आणि तिची आठवण दोन वर्षांनी कोणाला तरी होते.

जुने लिखाण नव्या रूपात आणण्याचे काम असेच आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम केले, राज्य शासनाने ते स्वीकारले, आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले, केवळ व्याकरणाच्या किंवा व्युत्पत्तीच्या मानासाठी बसवलेले अनुस्वार त्या वेळी खाली उतरले. 'पांच'चे 'पाच' झाले, 'नांव'चे 'नाव' झाले. मी मुलांना शिकवणारा माणूस आहे. ह्या टिंबांच्या जाचातून त्यांची सुटका झाली ह्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. नाव आणि होडी एकाच अक्षरांत आली तरी बिघडले नाही. 'नाव बुडाले' म्हटले की अब्रू गेली आणि 'नाव बुडाली' म्हटले की होडी गेली, हे क्रियापदच सांगून टाकते.

पण 'तीं गेलीं' हे वाक्य घ्या. जुन्या कादंबरीत नवराबायकोविषयी असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ दोघेही गेली. नव्या आवृत्तीसाठी त्यावरची दोन टिंबे काढा. राहते 'ती गेली'. नवरा घरीच राहिला! मौज अशी की मुद्रिते तपासणाऱ्याला येथे काहीही खटकत नाही, कारण वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. वाचक बिचारा पुढल्या पानावर त्याच नवऱ्याला आगगाडीत बसलेला पाहतो आणि लेखकाच्या विसरभोळेपणाला हसतो.

संगणकावर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, आमचेही रडगाणे हेच." त्यांच्या यंत्रांना आज्ञा देण्याची पायथॉन नावाची एक भाषा आहे. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, आणि १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभाल थांबली. तेव्हा जुन्या आज्ञा नव्या आवृत्तीत आणणे भाग पडले. काहीतरी छापून दाखव, अशी आज्ञा नव्या आवृत्तीत कंसात द्यावी लागते. कंस विसरला तर यंत्र एक पाऊलही टाकत नाही. अमुक ओळीत चूक आहे असे सांगून अडून बसते. ह्या चुकीला कोणी भीत नाही. पण जुन्या आवृत्तीत ७ ला २ ने भागले की ३ येत, नवीत ३.५ येतात. आज्ञा तीच, यंत्र कुठेही अडत नाही, आणि हिशेब मात्र निराळा. त्यावर उपाय काय, असे मी विचारले. तो म्हणाला, जुने काम लगेच मोडीत काढायचे नाही. तेच आकडे दोन्हींकडे घालायचे आणि उत्तरे शेजारी ठेवून पाहायची.

मोडीत काढायचे हा शब्द त्याने सहज वापरला. मला मात्र मोडी लिपीच आठवली. ज्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीला परंपरा तिचे जनकत्व देते, ती देवगिरी आमच्या शहराच्या उशाशीच आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही, विरामचिन्हे नाहीत. 'दिन' आणि 'दीन' कागदावर एकच. कोठला ते वाचणाऱ्याने ठरवायचे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यातली 'ध'चा 'मा' केल्याची कथा खरी की खोटी हा वाद इतिहासकारांनी खुशाल करावा. लोकांनी ती विसरली नाही, कारण 'धरावे' हेही शुद्ध मराठी आणि 'मारावे' हेही. हुकूम कोठेच अडखळत नाही.

आमच्या मराठवाड्यात ह्यात आणखी एक पदर मिसळला आहे. निजामी अमलातले दप्तर उर्दूचे. ब, प, त ही अक्षरे ओळखायची ती नुकत्यांवरून, आणि घाईने लिहिणारा कारकून नुकते सोडून देई. साल फसली. त्याचे इसवी सन करताना ५९० मिळवायचे, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होई म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. एका वर्षाचा फरक पडला तरी आकडा आकडाच दिसतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला ही जुनी गाठोडी सोडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची किंमत सर्वांना एकदम कळली.

आता खरा प्रश्न. नोंद उतरवणारा एका अक्षरापाशी थांबला आहे. आडनाव दोन प्रकारे वाचता येते. समोरच्या बाकावर एक शेतकरी एस.टी.चे भाडे खर्चून, दिवसाची मजुरी बुडवून बसला आहे. 'वाचता येत नाही' असे लिहिले तर तो रिकाम्या हाताने परत जाईल. अंदाजाने एक आडनाव लिहिले तर त्याला स्वच्छ, टंकलिखित, शिक्क्याचा कागद मिळेल, आणि तो दुवा देत जाईल. दयाळू कोण?

सज्जन माणूस येथेच घसरतो असे मला वाटते. त्याला शंका आली होती. दयेपोटी त्याने ती कागदाबाहेर ठेवली. पुढच्या माणसाला त्या अक्षरापाशी थांबण्याचे कारणच उरले नाही. वीस वर्षांनी भाऊबंदकीचा दावा उभा राहील तेव्हा तोच कागद पुरावा म्हणून समोर येईल, आणि शंका घेणारा तोवर निवृत्त झालेला असेल. म्हणून अक्षरापुढे प्रश्नचिन्ह हवे, दोन्ही वाचने लिहायला हवीत आणि मूळ कागद जपायला हवा. प्रश्नचिन्हामुळे होणारा खोळंबा मात्र शेतकऱ्याच्या माथी मारता कामा नये. दुसरा वाचक बोलावण्याचा खर्च आणि हेलपाटा कचेरीने सोसावा. नाहीतर प्रामाणिकपणा कारकुनाचा आणि दंड गरिबाला, असला न्याय होईल. आणि त्या भीतीनेच उद्याचा कारकून पुन्हा अंदाज लिहू लागेल.

कादंबरीची गोष्ट जरा वेगळी. तिथे मी 'ती दोघे गेली' असे करीन आणि मूळ लेखकाने न लिहिलेला एक शब्द घातल्याचे तळटीपेत सांगेन. खरेदीखतात मात्र एवढीही मोकळीक घेणार नाही. तिथे 'तीं गेलीं' असेल तर ती दोन टिंबे तशीच राहू द्यावीत, मग नियम काहीही म्हणोत.